२८ लाखांचं कर्ज, २५ लाखांचा फ्लॅट: जुळे सोलापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जून २०१९ मध्ये तुम्ही जुळे सोलापुरात टू बीएचके घेतला. करारनामा ३२ लाखांचा, कर्ज साडेअठ्ठावीस लाखांचं, एका व्यापारी बँकेचं. २०२० मध्ये हप्ते थांबवण्याची सहा महिन्यांची सवलत घेतली, पुढे सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेतलं. आज बाकी २८ लाख, व्याज ९.४ टक्के, अजून पंधरा वर्षं शिल्लक, हप्ता साधारण २९ हजार. एजंट म्हणतात २५ लाखांच्या वर गिऱ्हाईक नाही. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पाळ्या कमी झाल्यामुळे त्यांचा पगार ४२ हजारांवरून २६ वर आला. तुमचे शाळेचे १४ हजार. दोन हप्ते थकलेत, तिसरा पुढच्या आठवड्यात आहे. शेजारी म्हणतात चावी बँकेत नेऊन द्या आणि सुटा. मिस्टर म्हणतात विमानतळामुळे भाव वाढतील, थांबू. आणि तुम्ही एका व्हिडिओत पाहिलं की घर कर्जापेक्षा स्वस्त झालं तर सरकार कर्ज कमी करून देतं.

मी बरीच वर्षं बँकेत कर्जाच्या आणि नंतर वसुलीच्या टेबलावर काम केलं, आता कर्जदारांची कागदपत्रं तपासून सल्ला देते. त्या अनुभवावरून सांगते: बाकी २८ आणि किंमत २५ या दोन आकड्यांमुळे तुमची झोप उडाली आहे, पण तुमचं घर त्या तीन लाखांच्या फरकाने जाणार नाही. गेलंच तर ते ४० हजारांच्या कमाईत २९ हजारांचा हप्ता बसत नाही म्हणून जाईल. हप्ता वेळेवर भरला जातोय तोवर फ्लॅटची आजची किंमत काय आहे हे बँक तुम्हाला विचारायला येत नाही. किमतीचा फरक दोनच ठिकाणी आडवा येतो. एक, कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तेव्हा, कारण नवी बँक स्वतःचं व्हॅल्युएशन करते आणि तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते. २५ लाखांच्या फ्लॅटवर म्हणजे साडेबावीस, आणि तुमची बाकी २८. दोन, घर विकायचं असेल तेव्हा. आत्ता हे दोन दरवाजे अरुंद आहेत, बाकीचे उघडे आहेत.

व्हिडिओचं आधी संपवते. तो अमेरिकेचा आहे. तिथे २००८ च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्या आणि २००९ पासून सरकारने दोन मोठ्या योजना चालवल्या. एकीत अडचणीतल्या माणसाचा हप्ता त्याच्या उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांच्या आसपास आणायचे. दुसरीत घराची किंमत कर्जापेक्षा कमी असली तरी कमी व्याजाचं नवं कर्ज मिळायचं. पहिली २०१६ अखेर बंद झाली, दुसरी २०१८ अखेर. चावी देऊन सुटण्याची गोष्टही तिथलीच आहे: कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत स्वतः राहायला घेतलेल्या घराच्या मूळ कर्जात बँकेला घरापलीकडे कर्जदाराच्या मागे लागता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. घर विकून कर्ज फिटलं नाही तर उरलेली रक्कम तुमच्या दोघांच्या आणि जामीनदाराच्या अंगावर राहते, आणि ती वसूल करायचा हक्क सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी तारण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम १३(१०) ने बँकेला दिलेला आहे. चावी देऊन तुम्ही फक्त घर सोडाल, कर्ज तुमच्याबरोबरच येईल. कृपा करून हे करू नका.

आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेत व्याजाचं अनुदान आहे, पण शहरी भागाची दुसरी योजना १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जांसाठी आहे. तुमचं कर्ज २०१९ चं. तेव्हाच्या योजनेत तुम्हाला अनुदान मिळालं होतं का ते कर्जखात्याच्या उताऱ्यात बघा. मिळालं नसेल तर ती खिडकी केव्हाच बंद झाली आहे. कुणी प्रोसेसिंग फी घेऊन अनुदान मिळवून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

आता कामाचं. अमेरिकेच्या त्या दुसऱ्या योजनेने जे केलं, किंमत न बघता व्याज कमी करणं, ते तुम्ही तुमच्याच बँकेत करून घेऊ शकता. तुमचं कर्ज जून २०१९ चं आहे, म्हणजे १ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं. त्या तारखेपासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागली. त्याआधीची बहुतेक कर्जं एमसीएलआर या बँकेच्या स्वतःच्या दरावर राहिली, आणि अशा कर्जाचा दर बहुधा वर्षातून एकदाच बदलतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो साडेसहावरून साडेपाचवर आणला. तुमचा दर अजून ९.४ दिसतोय त्यावरून मला वाटतं तुम्ही जुन्याच पद्धतीवर आहात. सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, आणि ताज्या उताऱ्यावर ते लिहिलेलं असतं. व्यापारी बँकेच्या जुन्या फ्लोटिंग कर्जदाराला रेपोच्या दरावर जाण्याचा पर्याय आहे, आणि त्यासाठी वाजवी कागदपत्रांच्या खर्चापलीकडे शुल्क घ्यायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय. मुख्य म्हणजे कर्ज त्याच बँकेत राहतं, म्हणून फ्लॅटच्या किमतीचा विषय सहसा निघत नाही. (वाचणाऱ्यांपैकी कुणाचं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं किंवा सहकारी बँकेचं असेल तर हा नियम जसाच्या तसा लागू नाही. तिथे दर बदलून घ्यायला कन्व्हर्जन फी भरावी लागते आणि थोडी घासाघीस करावी लागते, पण विचारा जरूर.)

किती फरक पडेल ते मोजून दाखवते. २८ लाख, १५ वर्षं, ९.४ टक्के: हप्ता सुमारे २९,०७०. दर ८.४ झाला तर २७,४०० च्या आसपास. महिन्याला सोळाशे रुपये वाचले, पण तेवढ्याने तुमचं भागत नाही. आता दर ८.४ आणि मुदत वीस वर्षं धरली तर हप्ता २४,१२० होतो, म्हणजे जवळपास पाच हजारांनी कमी. याची किंमत मोठी आहे हे लपवत नाही: पाच वर्षं वाढवल्याने एकूण साडेआठ लाखांच्या आसपास जास्त जातील. तरी मी तुमच्या जागी मुदत वाढवून घेईन. पगार पूर्ववत झाला की जास्तीचे पैसे मुद्दलात भरता येतात, आणि वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. म्हणजे वाढवलेली मुदत नंतर कमी करता येते. गेलेलं घर मात्र परत येत नाही. दोघांची वयं बघून बँक वीस वर्षं देईल का हे तिच्या धोरणावर आहे. बहुतेक बँका निवृत्तीच्या किंवा सत्तरीच्या आसपास मुदत थांबवतात.

दर बदलताना एक गोष्ट आवर्जून सांगा. व्याज कमी झालं की बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच, पण तुम्हाला आज मुदत नको, हप्ता कमी हवाय. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता आणि मुदत यांचे पर्याय कर्जदारापुढे ठेवायला सांगितलंय. ते लेखी मागा.

आता सगळ्यात घाईचा मुद्दा. बँकेत तुमचा हप्ता किती दिवस थकलाय हे सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्याच्या तारखेपासून मोजतात. तीस दिवसांपर्यंत एक पायरी, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी, आणि नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अधिकृतपणे थकीत. तुमचे दोन थकलेत, तिसरा चुकला की तुम्ही साठ दिवस ओलांडता आणि शेवटच्या पायरीवर येता. नव्वद दिवसांच्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे परिस्थिती फार वेगळी असते. अलीकडे असताना एक जुना हप्ता भरला तरी मोजणी महिनाभर मागे सरकते. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून खातं सुधारत नाही, सगळी थकबाकी व्याजासकट चुकती करावी लागते, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. आणि एनपीए झाल्यावरच सरफेसीची नोटीस काढता येते.

म्हणून आधी दोन हप्ते, ५८ हजार, भरून खातं नियमित करा आणि त्यानंतर दर आणि मुदतीचा अर्ज द्या. उलट क्रमाने गेलात तर तोच अर्ज 'अडचणीतल्या कर्जदाराला दिलेली सवलत', म्हणजे पुनर्रचना, म्हणून गणला जातो. त्याने खात्याचा दर्जा घसरतो आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या अहवालात, तशी नोंद राहते. पुनर्रचना वाईट नव्हे. गरज असेल तर तीही मागावी. पण व्याज कमी करण्याचा साधा रस्ता उघडा असताना तिथपर्यंत का जायचं?

५८ हजार कुठून आणायचे? मिस्टरांचा पीएफ असेल तर गृहकर्ज फेडण्यासाठी त्यातून काही रक्कम काढता येते, किती ते नोकरीच्या वर्षांवर आणि खात्यातल्या रकमेवर आहे. थोडं सोनं असेल तर बँकेत तारण ठेवा. भिशी लागणार असेल तर ती. पण शेकडा तीनने, पाचने हातउसने घेऊन हप्ता भरू नका. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज वाचवायला साठ टक्क्यांचं कर्ज काढायचं, आणि तारण म्हणून कोऱ्या कागदावर सही किंवा गावाकडच्या जमिनीचं खरेदीखत द्यायचं, असं करून बसलेली चांगली माणसं मी सोलापुरात पाहिली आहेत. बँकेच्या गृहकर्जात नोटीस, मुदत, अपील असं काहीतरी असतं. सावकारापुढे काही नसतं. कुणी आधीच त्यात अडकलं असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

आता मिस्टरांचं म्हणणं. विमानतळाची आशा मी समजू शकते. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. होटगी रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत प्रत्येक एजंटाच्या तोंडी ते आहे. पण तुमच्यासारख्या जुन्या टू बीएचकेचं गिऱ्हाईक विमानाने येणारं नसतं. ते इथेच नोकरी करणारं कुटुंब असतं. ते आधी विचारतं पाणी किती दिवसांआड येतं, लिफ्ट चालू आहे का, सोसायटीची थकबाकी किती, आणि शेजारच्या नव्या इमारतीत बिल्डर काय भावाने देतोय. शिकलेली पोरं पुण्याला जातात, तिथेच घर घेतात. यंत्रमाग आणि टॉवेलच्या धंद्याची अवस्था तुम्ही घरातच बघताय. भाव वाढणारच नाहीत असं मी म्हणत नाही. पण हप्ते न भरता थांबलात तर काय होतं ते बघा: २८ लाखांवर वर्षाचं व्याज दोन लाख ६३ हजार. म्हणजे फरक तीन लाखांवर नुसता टिकवायला २५ लाखांचा फ्लॅट वर्षाला साडेदहा टक्क्यांनी वाढायला हवा. उलट, २९ हजारांचा हप्ता नियमित गेला तर भाव जागेवर राहूनही पहिल्या वर्षात मुद्दल ९० हजारांनी कमी होतं, पुढे जरा जास्त, आणि तीनेक वर्षांत फरक मिटतो. हप्ता कमी करून घेतला तर हे हळू होतं, पण होतं. थांबायचंच असेल तर हप्ता भरत थांबा.

किंमत खरंच २५ लाखच आहे का, हेही बघा. एजंट कधी पाडून सांगतात, कधी आशा लावतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये तुमच्या आणि शेजारच्या इमारतीतल्या अलीकडच्या खरेदीखतांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. लोक खरं किती मोजतात याचा त्याहून भरवशाचा पुरावा नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: सासू-सासरे कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात, घर त्यांचं स्वतःचं आहे, वरची खोली रिकामी आहे. आणि तुमच्या इमारतीत टू बीएचकेला नऊ हजार भाडं मिळतं. मला यातच तुमची वाट दिसते. हप्ता २४ हजारांवर आला आणि नऊ हजार भाडं आलं तर खिशातून १५ हजार जातील. चाळीस हजारांत ते बसतं, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकत कर धरूनही. दीड-दोन वर्षं एकत्र राहणं सोपं नाही हे मला माहीत आहे. मुलांची शाळा लांब पडेल, सासरी रोजचं राहणं म्हणजे सगळ्यांनाच जुळवून घ्यावं लागेल. पण तुमच्या आकड्यांत घर राखून श्वास घ्यायला जागा देणारा दुसरा पर्याय मला सापडला नाही. भाड्याने देताना बँकेला पत्राने कळवा, कारण कर्जकरारात तशी अट असते, आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीची आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी दोन हप्ते भरून नव्वद दिवसांची रेषा टाळा, मग रेपोचा दर आणि लांब मुदत मागा, मग फ्लॅट भाड्याने देऊन विडी घरकुलात जा. हे सगळं कारखान्यात काम परत येईल या गृहीतावर अवलंबून आहे. ते तुम्ही आणि मिस्टरच सांगू शकता. वर्षभरात पाळ्या वाढण्याची खरी शक्यता असेल तर घर धरून ठेवा. मालक यंत्रं विकायला लागला असेल, किंवा सासू-सासऱ्यांकडे जाणं शक्यच नसेल, तर मी विकायला सांगेन, आणि लवकर विकायला सांगेन.

विकायचं ठरलं तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला त्या दिवशी नेमके किती लागतील ते कळेल. घेणाऱ्याची बँक पैसे थेट तुमच्या कर्जखात्यात भरते आणि मूळ कागद तुमच्या बँकेकडून तिच्याकडे जातात. मधला फरक, एजंटचं कमिशन धरून साडेतीन लाखांच्या आसपास, तुम्हाला घालावा लागेल: पीएफ, सोनं, घरच्यांकडून. तो पूर्ण जमत नसेल तर शाखेत विचारा की उरलेल्या रकमेचं छोटं वेगळं कर्ज देता का. काही बँका दुसरं तारण किंवा जामीनदार बघून देतात, काही देत नाहीत. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास बँकेला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, हा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम लक्षात ठेवा. आणि विक्रीची किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा, खाली जाते का ते आधी तपासा. खाली गेली तर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवरच भरावं लागतं, आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर दोघांनाही प्राप्तिकराचा प्रश्न येतो. सौदा ऐनवेळी मोडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

एनपीए झालंच तर पुढे काय, हेही माहीत असू द्या, कारण भीती बरीचशी माहिती नसल्यामुळे असते. पहिली नोटीस कलम १३(२) ची, साठ दिवसांची. या साठ दिवसांत तुम्ही लेखी हरकत दिलीत तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. नोटीस परत पाठवू नका, घ्या आणि उत्तर द्या. नंतर ताबा, आधी कागदोपत्री. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावाआधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवतात आणि तीस दिवसांची नोटीस देतात. त्या व्हॅल्युएशनची प्रत मागा. पूर्ण रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, बोली लागेपर्यंत नाही. लोक इथेच फसतात. लिलावात घर बाजारभावाच्या खालीच जातं. गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आणलंत आणि बँक तयार झाली तर खासगी करारानेही विक्री करता येते, आणि जवळपास नेहमी त्यात चार पैसे जास्त मिळतात.

एनपीएनंतर एकरकमी तडजोडही होऊ शकते. जून २०२३ पासून त्यासाठी रिझर्व्ह बँकेची चौकट आहे, प्रत्येक बँकेचं स्वतःचं धोरण असतं. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका अशी प्रकरणं आणतात. पण तडजोडीची सूट मिळावी म्हणून मुद्दाम हप्ते थकवू नका. चांगलं तारण हातात असताना बँक मुद्दलात क्वचितच सोडते, दंड आणि थोडं व्याज सोडते, आणि सिबिलवर 'सेटल्ड' ही नोंद पुढची कित्येक वर्षं आड येते. ताई, महिला म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. नोटीस आलीच तर तिथे जा.

वसुलीचे फोन येतायत असं लिहिलंय. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांसमोर अपमान करायचा नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. (हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे.)

अर्ज फोनवर किंवा तोंडी करू नका. साध्या मराठीत एका पानात लिहा: कर्जखाते क्रमांक, थकलेले दोन हप्ते या तारखेला भरले, कर्ज एमसीएलआरवरून रेपोशी जोडलेल्या दरावर न्यावं, फरक मुदतीत न घेता हप्त्यात द्यावा, मुदत वीस वर्षं करावी, आणि निर्णय लेखी कळवावा. सोबत दोघांच्या पगारपत्रकांच्या प्रती जोडा. उत्पन्न कमी झालंय हे लपवू नका, बँक कागद बघतेच. शाखेत एका प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासह.

शेवटी तुमच्या दिरांचं, म्हणजे या कर्जाच्या जामीनदाराचं. तुम्ही विचारलंत की त्यांना आत्ताच सांगायचं का. हो, या आठवड्यातच. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराएवढीच असते, बँक आधी तुमच्याकडून वसूल करून मग त्यांच्याकडे जायला बांधलेली नाही, आणि थकबाकीची नोंद त्यांच्याही सिबिलवर दिसते. उद्या त्यांनी ट्रॅक्टरसाठी कर्ज मागितलं आणि तिथे हे कळलं तर घरात कायमचं वाकडं येईल. त्यांना आकडे दाखवा, काय करताय ते सांगा. ५८ हजारांचा काही भाग तेही देऊ शकतील. आणि सँक्शन लेटर मिळालं की दर कशाशी जोडलाय ते बघून मला कळवा, अर्जाचा मजकूर त्याप्रमाणे नीट करून देते.